मला टोपी घालू नका

मी बँजो बोलतोय. थांबा, लगेच गणपतीची मिरवणूक डोळ्यांसमोर आणू नका! बटणं दाबून वाजवतात तो बँजो वेगळा. आमच्यात नावापलीकडे काही नातं नाही. मी अमेरिकेतला. गोल तोंड, त्यावर ताणलेलं शेळीचं चामडं, लांब मान आणि पाच तारा. पाचवी तार आखूड, मानेच्या मधूनच सुरू होते. पाहणाऱ्याला ती चूक वाटते. चूक कसली? तीच माझी ओळख आहे.

माझा जन्म कॅरोलिनाच्या डोंगरातल्या एका छोट्या कारखान्यात झाला, पण माझं घराणं फार जुनं. आफ्रिकेत भोपळ्यावर कातडं ताणून, दांडी लावून माझे पूर्वज वाजवले जात. ते वाजवणाऱ्यांना साखळदंडांनी बांधून अमेरिकेत नेलं. हातातली कला मात्र कोणाला काढून घेता आली नाही. तिथल्या भोपळ्यांवर त्यांनी आम्हाला पुन्हा उभं केलं.

आणि मला घेऊन आखातात नोकरीला आलेला माझा पहिला मालक काय सांगे? अबू हमूरमधल्या त्याच्या व्हिलात मी एसीखाली खिळ्याला टांगलेला असे. पाहुणे आले की तो म्हणे, "आमच्या डोंगरातल्या गोऱ्या लोकांचं अस्सल वाद्य!" वाजवलं त्याने एकदाही नाही. त्या कोरड्या वाऱ्याने माझी मान वाकडी व्हायची वेळ आली होती. कंत्राट संपलं तसा मला विकायला काढून तो मोकळा झाला.

त्याच शहरात, अल नस्र भागात राहणाऱ्या अवधूतने जुन्या वस्तू विकायच्या ग्रुपवर फक्त 'बँजो' एवढा शब्द वाचला आणि पेटी न उघडताच मला घरी आणलं. त्याचे वडील, आप्पा, चिपळूणजवळच्या गावात बँजो पार्टीत वाजवायचे. ते तीन महिन्यांसाठी आले होते, त्यांना खूश करायचं होतं. पेटी उघडली आणि सगळ्यांचे चेहरे पडले.

"ह्याची बटणं कुठायत?" आप्पांनी विचारलं.

"फसलो, आप्पा. डुप्लिकेट निघाला," अवधूत म्हणाला.

डुप्लिकेट! मी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण ऐकतो कोण? कपाटावर, रिकाम्या बॅगांच्या शेजारी माझी रवानगी झाली.

एका दुपारी आप्पांनीच मला खाली काढलं. पंच्याने पुसलं, कान पिळत पिळत तारा जुळवल्या. आखूड तारेवर अंगठा पडताच ते थबकले. "अरे, हा तर आपल्या तुणतुण्यासारखा एकच सूर धरून बसतो!" इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कोणीतरी ओळखलं होतं.

तेवढ्यात अवधूतची अकरा वर्षांची मुलगी ईरा आली. "आजोबा, दॅट्स फॉर रूट्स म्युझिक! माय स्कूल प्रोजेक्ट! रूट्स म्हणजे... मुळांचं."

"मुळ्याचं? पोट फुगेल गो बाय!"

ती खिदळली आणि शाळेचा कागद वाचू लागली. अमेरिकन रूट्स म्युझिक म्हणजे गुराख्यांची आणि डोंगरातल्या गोऱ्यांची जुनी गाणी, एवढंच त्यात होतं. आप्पा माझ्या चामड्यावर बोटं वाजवत म्हणाले, "भोपळ्याएवढं तोंड, त्यावर कातडं. हे त्यांना कोणी शिकवलं? शोध बघू."

तिने शोधलं आणि स्वतःची दोन वाक्यं लिहिली. 'बँजो आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांनी घडवला. त्यांची लय, युरोपातल्या गरिबांचं फिडल म्हणजे व्हायोलिन, शेतातली आणि चर्चमधली गाणी एकमेकांत मिसळली, ऐकून ऐकून पुढे गेली, म्हणून ते रूट्स.' पोरीने दोन ओळींत माझं सगळं घराणं मांडलं होतं.

शाळेच्या कार्यक्रमाआधी बाईंनी तीच दोन वाक्यं खोडली. "धिस इज अ सेलिब्रेशन, ईरा. लेट्स नॉट मेक इट सॅड." तिच्या डोक्यावर गुराख्याची टोपी ठेवली, मला गळ्यात अडकवलं आणि बजावलं, "वाजवू नकोस, फक्त धर." स्पीकरवर दुसऱ्याच कुणाचं गाणं लागलं. ईरा हसत उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी संतापलो होतो. त्या पोरीवरसुद्धा!

घरी आल्यावर तिने टोपी सोफ्यावर फेकली. "दे कट इट, आजोबा. आय जस्ट स्टुड देअर." तिचे डोळे भरले होते. माझा तिच्यावरचा राग तिथेच विरला.

"मग मला सांग. मराठीत सांग, मला इंग्रजी कळत नाही."

कधीच मराठीत उत्तर न देणारी ती पोर अडखळत म्हणाली, "हा बँजो... आफ्रिकेतल्या लोकांचा. ते स्वतःहून नाही आले. त्यांना बांधून आणलं. मग त्यांनी हा... परत केला. परत बनवला."

आप्पांनी माझी आखूड तार एकदा छेडली. मग म्हणाले, "गावी गेलो की पार्टीतल्या पोरांना सांगतो."

आप्पा परवा गावी परतले. काल शाळेतून निरोप आला: वार्षिक समारंभाला तो बँजो आणि ती टोपी पुन्हा पाठवा. ईराने आईच्या फोनवरून स्वतः उत्तर लिहिलं. 'बँजो येईल. माझी दोन वाक्यंही येतील. टोपी येणार नाही.' उत्तर अजून आलेलं नाही. मी पेटीत नाही, तिच्या टेबलावर आहे, पाचही तारा जुळवून.

तुम्हाला मला वाजवता येत नसेल तर राहू द्या. माझ्याकडे नुसतं बघितलंत तरी चालेल. पण मला बनवणाऱ्यांना विसरून टोपी घालू नका. मलाही नाही आणि पोरांनाही नाही.