पांढरी राख

अंगणात लाकडं त्रेपन्न होती, मोडक्या खुर्च्या दोन, ओलं दार एक आणि गल्लीतली माणसं एकोणीस. एकोणीसही जण तिच्याकडे बघत होते. सणाची शेकोटी गल्लीत सगळ्यांत नवीन आलेल्यानं पेटवायची आणि ती पेटल्याशिवाय आतषबाजीचा एकही बाण उडवायचा नाही, असा तिथला रिवाज. ती या परक्या देशात शिकायला येऊन दोनच महिने झाले होते.

लाकडं तिनं मापून, खेटून, एकसारखी रचली होती. तिसरी काडीही धूर सोडून विझली.

"रसायनशास्त्र शिकतेस ना तू?" घरमालकीण आजींनी डोळे पुसत विचारलं. "मग नुसता धूरच का?"

तिनं घरी व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी एकतीस वर्षं कारखान्याचा बॉयलर सांभाळला होता. तो बटणांवर चालायला लागल्यापासून ते घरी बसून होते आणि फोनवर दोनच वाक्यं बोलत.

"बरं आहे. आईला देतो…"

"बाबा, थांबा! आग पेटत नाहीये."

पलीकडे खुर्ची सरकली. चष्मा शोधला गेला.

"दाखव. अगं, कपाट लावलंयस का हे? आग श्वास कुठून घेणार? काढ सगळं! मधे पोकळी ठेव, खाली विटा सरकव. वारा कुठून येतोय?"

"समोरून. सगळा धूर माझ्या तोंडावर."

"मग पलीकडून लाव, शास्त्रज्ञ बाई! आणि ते दार सगळ्यांत शेवटी, वर."

बाबा ओरडत होते, ती भाषांतर करत होती, आणि आजींना ते हातवाऱ्यांवरून तिच्या आधीच कळत होतं. एकोणीस जणांनी हातोहात लाकडं उपसून पुन्हा रचली.

चौथी काडी. थोडं तडतडलं, मग भस्सकन जाळ उठला. गल्लीनं एकच गिल्ला केला. पहिला बाण वर जाऊन हिरवागार फुटला.

"हा हिरवा म्हणजे बेरियम!" ती ओरडली.

"वर काय बघतेस? जाळ बघ. कसा मोकळा चाललाय!" बाबा म्हणाले. "उद्या राख बघून सांग. काळे तुकडे फार राहिले तर काम कच्चं."

"अहो, मला द्या की आता," मागून आईचा आवाज आला.

"थांब गं. कामात आहे."

सकाळी तिनं राख चाळली आणि बाबांना कळवलं: राख अडीच बादल्या, पांढरी. काळे तुकडे दोन, दोन्ही ओल्या दाराचे.