सकाळचा भोपळा, संध्याकाळचा दोडका

मित्रांनो, मी घासलेटचा एक जुना पिवळा पिपा आहे. रुखमाबाईच्या अंगणात पिवळं फूल एकही उमललं नाही. असो. हे मी बोललोच नाही असं समजा. कोणती फुलं लावायची, हे अजून ठरायचंच आहे.

मोहर्लीजवळच्या, जंगलाला लागून असलेल्या एका गावात मी आलो ते साल पंचावन्न. पोटातलं घासलेट संपलं आणि माझी नेमणूक विहिरीवर झाली. त्याच वर्षी रुखमाबाईची नजर जायला लागली. एकदा ती नवऱ्याला, लटारूला, म्हणाली, "अजी, सारं धुरकट झालं. तुमचं तोंडही दिसत नाई. हा पिवळा पिपा तेवढा दिसून राह्यला."

नवऱ्याआधी माझा नंबर लागला! मित्रांनो, माझ्या आयुष्यातली एवढीच स्तुती.

लटारूनं मनावर घेतलं. दारापासून विहिरीपर्यंत पिवळी फुलं लावायची, म्हणजे ती एकटी जाईल-येईल. शेजारची गुणाबाई सल्ला द्यायला आली.

"करडई लावा, लटारूभाऊ. काट्यांना जनावर तोंड लावत नाई."

"अन् हिनं हात लावला तं?"

"मंग कायले विचारता मले?"

शेवटी ठरलं ते वेळापत्रक पाहून. भोपळा फुलतो सकाळी, दोडका संध्याकाळी. मधल्या वेळेला झेंडू. रेल्वेलाही इतकं जमत नाही. माघात बी टोचलं. लटारूनं माझ्या तळाला खिळ्यानं बावीस भोकं पाडली आणि मी झारी झालो. दुखलं, पण कारण मोठं होतं.

भांडीही आता लटारूच घासायचा. रुखमाबाई ओट्यावरून शिकवायची, "राख भरपूर घ्या. भांडं चमकलं पायजे." तो गंज, म्हणजे पातेलं, घासायचा, परात घासायची म्हणून परात, आणि शेवटी हात थांबत नाही म्हणून मला. रोज.

चैत्रात कळ्या धरल्या. जंगलात तेव्हा हिरवं काही उरलं नव्हतं, आणि लटारूनं तर सरळ रांगेत पंगत मांडून ठेवली होती. चितळं आली. भोपळा खाल्ला, दोडका खाल्ला. झेंडूच्या कळ्या वानरांनी मोजून नेल्या. सकाळी गुणाबाई कुंपणाशी येऊन म्हणाली, "म्या करडई म्हटली होती," आणि डोळे पुसत घरी गेली.

त्या संध्याकाळी रुखमाबाई दारात उभी राहिली. "जाऊ द्या फुलं. पिपा ठेवा विहिरीवर, त्याच्याकडं पाहत येतो मी."

मी तिच्यापासून दोन हातांवर होतो.

"अजी, कुठी ठेवला?"

लटारूनं मला उचललं. फिरवून पाहिलं. पिवळा रंग कुठेच नव्हता. आरशासारखा पांढरा लखलखत होतो.

तिनं हात पुढे करून मला चाचपलं. "घासला का?"

"घासला."

"चांगला घासला," ती म्हणाली आणि लटारूच्या खांद्यावर हात ठेवून विहिरीकडे निघाली.

म्हणून मित्रांनो, एखाद्या वस्तूवर माया असली तरी घासण्याआधी ती कोणाच्या काय कामाची आहे, एवढं विचारत जा.

सबब, संबंधित खात्यास विनंती अर्ज की, राखेबरोबर उकिरड्यावर गेलेला पिवळा रंग, अंदाजे दोन वीत, शोधून अर्जदारास मूळ जागी लावून मिळावा. रंग न सापडल्यास रुखमाबाईची नजर दिली तरी चालेल. अर्जदारास हात नसल्याने सहीऐवजी तळाची बावीस भोकं ग्राह्य धरावीत.