तेवढ्याच मोठ्या अक्षरांत

शुक्रवारचा पेपर उघडला आणि मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. क्रीडा पानावर वजन उचलणाऱ्या कुठल्याशा खेळाडूची बातमी होती. उत्तेजक चाचणीत तो दोषी ठरला होता. शेजारी फोटो मात्र मास्तरांच्या धाकटीचा! शर्यत संपल्यावर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून ती धापा टाकते आहे. ती शर्यत तिने जिंकली होती. पण बघणाऱ्याला वाटावं, पोरीने लाजेने मान खाली घातली आहे. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘संग्रहित छायाचित्र’.

हाच फोटो दोन वर्षांपूर्वी पहिल्या पानावर आला होता, तेव्हा बातमी तिचीच होती. खेळाडूचा नमुना दोन बाटल्यांत भरतात. पहिलीत दोष दिसला तर दुसरी उघडून खात्री करतात. पेपरने दुसरीची वाट पाहिली नाही. दुसरी निर्दोष निघाली, तेव्हा अकराव्या पानावर टायरच्या जाहिरातीखाली चार ओळी आल्या. तोवर संघातली निवड हुकली होती, आणि धाकटीचं धावणं सुटलं ते सुटलंच.

आता कुठे एका शाळेने मुलांना धावायला शिकवायचं काम तिला देऊ केलं होतं. सोमवारी समितीच्या बैठकीत शिक्कामोर्तब व्हायचं होतं. साडेनऊला मुख्याध्यापिकेचा फोन आला, “पालक विचारताहेत हो. हा फोटो तुमच्या मुलीचाच ना?”

मास्तरांनी चपला पायात सरकवल्या आणि थेट पेपरची कचेरी गाठली.

क्रीडा पान लावणारा त्यांचाच जुना विद्यार्थी होता. वर्गात एक मिनिट स्वस्थ बसायचा नाही, म्हणून मास्तरांनी त्याचं नाव चुळबुळ्या ठेवलं होतं. आता पोट सुटलं होतं, पण चाकांच्या खुर्चीवर तो अजूनही गोल फिरत होता.

“सर! तुम्ही? बसा ना.”

“बसायला नाही आलो. हा फोटो कोणाचा?”

खुर्ची थांबली. “अरेरे. शप्पथ सर, मी चेहरा बघितलाच नाही. इथे संगणकात ‘उत्तेजक’ असं टाकलं की जुन्या फोटोंची यादी येते. पान सोडायची घाई असते, पहिला येईल तो उचलतो.”

“आणि पहिला हाच का येतो?”

“जो जास्त वेळा वापरला, तो वर येतो.” त्याने मान खाजवली. “हा नऊ वेळा वापरलाय. पण सर, नाव कुठेच नाही दिलेलं.”

“गाढवा, चेहऱ्याला नावाची चिठ्ठी लागते का?”

पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, “आमच्या साहेबांना तोंडावर गाढव म्हणणारं कुणीतरी भेटलं बाई एकदाचं!”

चुळबुळ्या ओशाळला. “उद्या खुलासा छापतो, सर.”

“कुठे? टायरखाली?”

“खुलाशाची जागा तीच असते.”

“चूक फळ्यावर झाली तर दुरुस्ती फळ्यावरच करायची. वहीच्या कोपऱ्यात नाही. ज्या पानावर, जेवढ्या अक्षरांत बदनामी केलीत, त्याच पानावर तेवढ्याच अक्षरांत लिही.”

चुळबुळ्याने ते मनावर घेतलं. शनिवारी सगळा दिवस तो संपादकांशी भांडला. रविवारी पहिल्या पानावर मथळा झळकला, ‘उत्तेजक प्रकरण : ती धावपटू निर्दोष’. खाली दोन वर्षांचा सगळा इतिहास, तिचं नाव जाड टायपात आणि तीन कॉलम रुंद तोच फोटो.

“बघितलंत सर?” फोनवर त्याचा आवाज आनंदाने फुटत होता.

“शाबास,” मास्तर सवयीने म्हणून गेले.

दुपारी शेजारीण आली. “अगंबाई, धाकटीचं हे उत्तेजकाचं आम्हाला माहीतच नव्हतं!”

“निर्दोष आहे ती. तेच छापलंय.”

“हो हो, वाचलं ना. पण विस्तवाशिवाय धूर निघतो का हो?”

ती जाताच मास्तरांनी फोन लावला. “तो फोटो यादीतून काढलास ना?”

“जुना काढला सर. पण आजचा आपोआप चढला. बातमीत तो शब्द आहे ना. तोही काढतो. आपल्याकडचा निघेल. पण आजचं पान बाकीच्या पेपरांनीही उचललंय. त्यांच्या याद्या माझ्या हातात नाहीत.”

सोमवारी बैठक संपल्याबरोबर मुख्याध्यापिकेने कळवलं, “आमचा पूर्ण विश्वास आहे हो. पण ज्या पालकांना काही माहीत नव्हतं, त्यांनाही आता कळलं. एकेकाला कुठवर समजावत बसू?”

मास्तरांनी फोन ठेवला. धाकटी दारातच होती. तिला सांगावं लागलं नाही.

“मी हट्ट केला,” ते म्हणाले. “चार ओळीच बऱ्या होत्या.”

“असू दे, बाबा.” तिने घड्याळाकडे पाहिलं. “चार वाजता मुलं मैदानावर येणार होती, ओळख करून घ्यायला. त्यांना कुणी कळवलं असेल का?”

“मी जातो. मी सांगतो त्यांना.”

“नको,” ती म्हणाली. “तुम्ही पहिल्यापासून सगळं नीट समजावून सांगाल.”