चिझुरुच्या छातीतला मुकादम

मी एक वाढ-घटक बोलतोय. माझं पूर्ण नाव डॉक्टरांनाही एका दमात घेता येत नाही, पण नावाच्या मानाने काम अगदीच साधं. फुप्फुसातल्या सफाई करणाऱ्या पेशींना तयार करायचं आणि कामाला लावायचं, एवढीच माझी मुकादमी.

माझा जन्म जपानातल्या निईगाता गावच्या चिझुरुच्या शरीरात झाला. फुप्फुसातले बारीक फुगे मिटू नयेत म्हणून त्यांना आतून एक बुळबुळीत थर असतो. तो जुना झाला की माझे कामगार खाऊन टाकतात. मी नुसता हुकूम सोडायचो आणि श्रेय लाटायचो.

मग तिच्या शरीरातल्या, रोगजंतू पकडणाऱ्या शिपायांनी मलाच चोर समजून धरायला सुरुवात केली. दहा लाखांत सात-आठ जणांनाच होणारा हा आजार! कामगार हुकमाची वाट बघत बसले आणि थर साचत गेला. माझ्यावाचून पान हलत नाही हे कळलं, पण असं कळायला नको होतं.

नव्या वर्षाआधी घरोघरी होणारी डिसेंबरअखेरची घरसफाई आली. सासूबाई तोयो खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवून बघणाऱ्या. चिझुरु चटया पुसताना धापा टाकू लागली.

"काय गं, दम लागला का?"

"छे हो आई, धूळ गेली नाकात."

आपला त्रास दुसऱ्याला नको, या वळणापायी तिने आणखी तीन महिने असेच रेटले. माझ्या नालायकीवर ती पांघरूण घालत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ओठ निळे पडले तेव्हा कुठे इस्पितळ गाठलं. डॉक्टरांनी एकेक फुप्फुस मिठाच्या पाण्याने धुतलं. बाटल्यांत दुधासारखं पाणी जमलं. माझ्या कारभाराचा पंचनामाच तो!

आता कारखान्यात बनलेला माझा भाऊ औषध म्हणून मुळ्याच्या लोणच्याशेजारी फ्रिजमध्ये राहतो. चिझुरु त्याचे तुषार यंत्रातून ओढते. तो माझ्यापेक्षा कामसू निघाला, हे मला कबूल करावंच लागतं.

पुन्हा डिसेंबर आला. बादली घेऊन जिना चढताना चिझुरु मध्येच थांबली.

"का गं थांबलीस?" तोयोबाईंनी वरून विचारलं.

तिने बादली पायरीवर टेकवली आणि म्हणाली, "आई, मला दम लागलाय. बादली तुम्ही घ्या."

तोयोबाई खाली आल्या. बादली बाजूला ठेवून तिच्याशेजारी पायरीवर बसल्या.

"एवढं बोलायला वर्ष लावलंस होय गं? बस जरा. खिडक्या कुठे पळून चालल्यात!"

मी अजूनही रोज धरला जातो. तेव्हा बाबांनो, माझ्या भरवशावर राहू नका. मला आतून ओरडता येत नाही, तुम्हाला येतं.