दारातली ती

मी वायर बोलतेय. टीव्हीच्या पाठीमागे, जिथं केरसुणी पोचत नाही, तिथली. आम्ही तिघी बहिणी जोडून जन्मलेल्या. पांढरी आणि लाल आवाज नेतात. मी पिवळी, चित्र नेते. डिस्क प्लेयरच्या खोक्यातून फुकट आलेली, त्यामुळे माझी किंमत कुणी केली नाही. सगळे रंग एकाच पिशवीत कोंबून टीव्हीपर्यंत न्यायचे, हे माझं काम. वाटेत थोडी सांडलवंड व्हायचीच.

या घरात बाबा एकटे राहतात. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. केसाएवढी स्प्रिंग त्यांना लांबून दिसायची. आता रोज दिवेलागणीला ते एकच डिस्क लावतात. त्यात त्यांची लहानगी लेक खोलीभर नाचते आणि मागे दार दिसतं. हे चित्रण तिच्या आईनं केलेलं. आई गेली, तेव्हा ध्यानात आलं की कॅमेरा कायम तिच्याच हातात असायचा. ती स्वतः एकाही डिस्कमध्ये नाही. नुसतं हसू ऐकू येतं, ते माझ्या बहिणी नेतात.

पण दाराशी एक फिकट, उभट आकृती दिसते. बाबा तिच्याशी बोलतात.

"आज भाजीत मीठ विसरलो बघ. अगं, आत ये ना, ताटकळत का उभी?"

आकृती जराशी हलते. मला वाटायचं, माझ्याच अंगाचा थरकाप असेल.

मध्यंतरी लेक आठवडाभर राहायला आली. बाबांचं बोलणं तिनं उंबऱ्यातूनच ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला.

"कुणाशी बोलताय, बाबा?"

"तुझ्या आईशी. ती काय, दारात."

लेकीनं पडद्याला नाक लावलं. "अहो, हे सगळंच धूसर आहे! ही मेली वायरच गचाळ."

माझ्या तोंडावर म्हणाली. वर्षानुवर्षं राबल्याचं हे बक्षीस!

दुसऱ्या दिवशी नवी एचडीएमआय वायर आली. एकच चपटं डोकं, पण चित्रही तीच नेणार आणि आवाजही. लेकीनं आम्हाला उपटलं, तिला खोचलं, रिमोटनं टीव्हीचा इनपुट बदलला. मी जमिनीवरून बघत होते. खोटं कशाला बोलू, चित्र लख्ख होतं. फ्रॉकची बटणं मोजावीत इतकं.

दाराच्या खिळ्याला एक पांढरा रेनकोट लटकत होता.

"आई तर कॅमेरा धरून होती ना, बाबा?" लेक हळूच म्हणाली. "मग दारात कशी असेल?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "चित्र छान आहे हो," म्हणाले आणि उठून गेले.

त्या संध्याकाळी त्यांनी टीव्ही लावला नाही. पुढेही नाही. ताटातलं अन्न चिवडत ते दाराकडे बघत बसायचे, घरातल्या खऱ्या दाराकडे. मी कोपऱ्यात वेटोळं होऊन कचऱ्याच्या डब्याची वाट पाहत होते. मला त्यांची फार दया यायची.

निघायच्या दिवशी लेकीनं भरलेली बॅग खाली ठेवली आणि मला उचललं. पिवळ्या भोकात पिवळी, पांढऱ्या भोकात पांढरी, लाल भोकात लाल. "या बाबा, बसा," म्हणाली आणि स्वतःही त्यांना खेटून बसली.

प्लेयरनं माझ्या हाती रेनकोटच दिला. शपथेवर सांगते, रिकाम्या बाह्यांचा रेनकोट. पण टीव्हीशी पोचेपर्यंत माझं ओझं वाढलं होतं.

लेक बघत राहिली. मग तिनं बाबांचा हात घट्ट धरला.

"बाबा... तिनं आत्ता मान हलवली?"

"रोज हलवते," बाबा म्हणाले. "तू आज पाहिलंस."

नव्या वायरीशी माझं वैर नाही. तुमच्या घरी खुशाल तीच लावा, चित्र उत्तम येईल. फक्त मला इथून एवढ्यात काढू नका. वाटेत माझ्यात कोण चढतं, मला ठाऊक नाही. पण तिला उतरायला एवढं एकच दार आहे.