डाव्या हाताची रोवणी

गोदावरीबाईचा स्वभावच संशयी. दूधवाल्याच्या मापावर तिचा भरवसा नाही, हवामान खात्यावर तर मुळीच नाही. मग भारताकडून क्रिकेट खेळणारी पोरगी ऐन हंगामात, न कळवता, बॅग घेऊन आंबागडच्या घरी दारात उभी राहिल्यावर तिच्या मनात पाल चुकचुकणारच.

"सुट्टी भेटली," रुपा म्हणाली.

"सुट्टी मास्तरणीले भेटते. खेळणाऱ्याले कायची सुट्टी वं?"

रुपा हसली, पण ते हसू काही गोदावरीबाईच्या पचनी पडलं नाही. बॅट आणि बॉल, दोन्हींवर नाव कमावलेली ही पोरगी आता जेवताना चमचा मागायला लागली होती. भाताला चमचा! फोन आला की उठून तलावाच्या पाळीवर जायची. एकदा शेळी शोधायचं निमित्त करून गोदावरीबाई मागोमाग गेली, तर कानावर पडलं, "सर, आत्ताच कोणाले सांगू नका. मायले तर नाहीच नाही."

झालं. गोदावरीबाईने मनातल्या मनात लग्नसुद्धा लावून टाकलं. कोण असेल हा सर? चमच्याचं खूळ त्याचंच असणार. पोरीने आपल्याला अंधारात ठेवलं, याचं तिला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेतातल्या बांधीत धानाची रोवणी होती. शेजारची विमलाबाई सकाळीच सांगत आली, "आमचा पोरगा कैलाश येते दुपारी. इंडियाची प्लेयर चिखलात रोवणी करते, असा व्हिडिओ चॅनलवर टाकतो म्हणते." रुपाचा चेहरा उतरला. गोदावरीबाईने तेही टिपून ठेवलं.

बाया ओळीने वाकल्या. रोपांची पेंडी डाव्या हातात धरायची आणि उजव्याने एकेक रोप चिखलात खोवत मागे सरकायचं, हे आंबागडच्या पोरींना शिकवावं लागत नाही. आज मात्र रुपाची पेंडी उजव्या हातात होती, कोपर अंगाला चिकटलेलं, आणि लावणारा हात डावा. रोपं सगळी वेडीवाकडी पडत होती.

गोदावरीबाईला आठवलं, चमचाही डाव्याच हातात असायचा. ती सरकत सरकत लेकीजवळ गेली.

"खांदा?"

"हो," रुपा हळूच बोलली. "बॉल टाकताच नाही येत. नागपूरचे डॉक्टर सर म्हणते, व्यायामानं सुधरन. सोमवारी टीमची तपासणी हाये. त्याच्या आधी बातमी फुटली तर मले न पाहताच माझ्या जागी दुसरी घेतीन."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"तू कोणाची नजर लागली म्हणून घरोघरी भांडत फिरली असती, माय."

गोदावरीबाईने खाली मान घालून पुढचं रोप खोवलं.

तेवढ्यात विमलाबाईने कंबर सरळ केली. तिची नजर रुपाच्या हातांवर थांबली. "काहून वं रुपा, डाव्या हातानं लावून राहिली?"

आयुष्यभर लोकांकडे त्याच संशयी नजरेने पाहिलेल्या गोदावरीबाईला ती नजर बरोबर ओळखू आली. तिने आपली पेंडी उजव्या हातात घेतली, डाव्याने रोप उचललं आणि चिखलात खोवलं.

"आमच्या घरी अशीच रीत हाये," ती म्हणाली.

विमलाबाई लग्न होऊन आली तेव्हापासून गोदावरीबाईच्या शेजारी रोवणी करत होती. पदराला हात पुसून तिने कमरेचा फोन काढला. गेलं आता सगळं, गोदावरीबाईला वाटलं; तो फोन हिसकावून चिखलात फेकावा असंही वाटलं.

"कैलाश," विमलाबाई बोलत होती, "आज नको येऊ रे बापा. चिखल लय हाये, कॅमेरा खराब होईन. पुढच्या हप्त्यात पाहू."

फोन कमरेला खोचून ती वाकली आणि मायलेकींच्या ओळीतली वाकडी रोपं काढून पुन्हा सरळ लावू लागली.