डझ पुढे येतो

टेक एक

"सर, ओरडताय तुम्ही."

"मी कुठे ओरडतोय?" यादव सर ओरडले.

काचेपलीकडे हितेशने हेडफोन उतरवून कान चोळला. तिशीतला माणूस, लग्नाच्या व्हिडिओतून या कामात आलेला. "माइक फाटतोय सर. एकदम आरामात बोला. समजा कोणतरी बाजूलाच बसलंय."

बाजूला हिरवा पडदा होता. भिंतींना काळा स्पंज चिकटवला होता. टाळी वाजवली तरी जागच्या जागी मरून पडेल, अशी ती खोली.

दार ढकलून विनिता आत आली. एके काळी सरांच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची, आता चार शाखांच्या क्लासची मालकीण. तिच्या वडिलांनी शेलार गावची जमीन गोडाऊनवाल्यांना दिली, तिने त्यातल्याच एका गाळ्यात हा स्टुडिओ काढला.

"टेन्शन घेऊ नका सर. जूनपासून सगळं ग्रामर पडद्यावर जाणार. सहाय्यकारी क्रियापदं तुमच्यासारखी कोण शिकवतं? पण आज व्हायला पाहिजे. परवा एडिटिंगला द्यायचंय."

"आणि नाही जमलं तर?"

"जमेल ना सर."

याला उत्तर म्हणत नाहीत. चोवीस वर्षं इंग्रजी प्रश्न बनवायला शिकवणाऱ्या माणसाला तेवढं कळत होतं. जमलं तर चार शाखांतली पोरं त्यांच्याकडून शिकणार. नाही जमलं तर पोरं शिकणारच, फक्त त्यांच्याकडून नाही.

टेक तीन

"पोरं कुठायत?"

"कसली पोरं?" हितेश म्हणाला.

"वाक्य उभं करायला."

हितेशने विनिताकडे पाहिलं. विनिता हसली. तिला माहीत होतं.

सरांचा नारपोलीचा जुना क्लास यंत्रमागाच्या कारखान्याच्या डोक्यावर होता. खाली बत्तीस लूम, वर साठ पोरं. बाकावर ठेवलेलं पेन आपल्या पायांनी चालत कडेला येई. बोललेलं पहिल्या बाकाच्या पुढे जात नसे. मग पहिल्याच वर्षी सरांनी वाक्य सांगणं सोडलं आणि वाक्य उभं केलं. 'ही गोज.' एक पोरगा 'ही', त्याच्या शेजारी एक पोरगी 'गोज'. गोजच्या खांद्यावर दप्तर. ते दप्तर म्हणजे शेपटाला लागलेला 'ईएस'.

"आता याचा प्रश्न करायचाय! पुढे कोण येणार?"

वाक्यात 'इज' किंवा 'कॅन' असला, तर भानगड नव्हती. तोच आपली जागा सोडून 'ही'च्या पुढे येऊन उभा राही. पण असा मदतनीस वाक्यात नसेलच तर? तर दाराबाहेर थांबलेला 'डू' धावत आत येई, गोजच्या खांद्यावरचं दप्तर आपल्या खांद्यावर घेई, दप्तर घेताच 'डझ' होई आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राही. गोज मोकळी होऊन नुसती 'गो' उरे. डझ ही गो?

"डझचा अर्थ काय सर?" दर वर्षी कुणीतरी विचारी.

"इथे काही नाही! काढून बघ त्याला! राहतो का प्रश्न?"

'डू' व्हायला मारामाऱ्या होत. लाइट गेली की खालचे लूम एकदम थांबत, आणि गल्लीभर फक्त यादव सरांचा आवाज घुमे. पोरं पोट धरून हसत. "सर, लाइट गेली, तुम्ही पण बंद व्हा!" सरही हसत, आणि उरलेलं वाक्य तेवढ्याच आवाजात पुरं करत.

"पोरं नाय सर," हितेश सांगत होता. "नंतर आपण कार्टून टाकू. तुम्ही फक्त बोला."

सरांनी त्याच्याकडून चिकटपट्टी मागून घेतली. जमिनीवर तीन फुल्या मारल्या. हितेशची कॅमेऱ्याची बॅग खांद्याला अडकवली. पहिल्या फुलीवर उभं राहून ते 'ही' झाले, दुसरीवर 'गोज'. मग दाराशी गेले, तिथून धावत आले, स्वतःच्याच खांद्यावरून बॅग उतरवून स्वतःच्याच दुसऱ्या खांद्याला लावली आणि तिसऱ्या फुलीवर जाऊन थांबले. छप्पन्न वर्षांची छाती वरखाली होत होती.

"सर, फ्रेमच्या भाईर गेलात."

टेक सात

"असं करा," हितेश म्हणाला. त्याला आता सरांची कीव यायला लागली होती, आणि ती लपवायला तो जास्तच गोड बोलत होता. "एकदम जवळचं माणूस समोर आणा. घरचं. त्याला सांगताय असं बोला."

सरांनी डोळे मिटले.

त्यांची बायको, मीराबाई, समोर आली. नारपोलीच्याच लूममध्ये एकोणीस वर्षं सुताच्या कांड्या भरून तिचे कान गेले होते. तिच्याशी बोलायचं तर कॉटच्या या कडेवरून त्या कडेवरही ओरडूनच. मीठ कमी आहे, हे ओरडून. औषध घेतलंस का, हे ओरडून. नवराबायकोंनी अंधारात कुजबुजायची बोलणीसुद्धा सगळ्या चाळीला ऐकू जात. मीराबाईला त्याचा पत्ता नसे, आणि सरांनी तो कधी लागू दिला नाही. चाळीची मालकीण राहीबाई सकाळी नळावर पदर तोंडाला लावून हसे.

मीराबाई जाऊन दोन वर्षं झाली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सर कुलूप लावत होते, तेव्हा राहीबाई पायरीवर बसून राहिली होती.

"मास्तर, तुमच्या घरातशी आवाजच येत न्हाय आता."

"कुणाशी बोलू, राहीबाई?"

"भिंतीशी बोला. मना झोप न्हाय लागत."

सरांनी डोळे उघडले. जवळच्या माणसाशी बोलतात तसे बोलले. "पुढे कोण येणार?"

हितेशने हेडफोन फेकलाच.

टेक अकरा

दुपारी चारला ते कुजबुजले. पूर्ण धडा. एकही शब्द चुकला नाही. तीन फुल्यांमध्ये हलले नाहीत, बॅगेला हात लावला नाही. 'डू' दारातून आलाच नाही. तो आल्याचं त्यांनी फक्त सांगितलं.

संपल्यावर हितेशने हेडफोन उतरवून ठेवला.

"आवाज ओके आहे," हितेश म्हणाला. "पण सर, राग मानू नका. बातम्यांत कोणतरी वारल्यावर बोलतात ना, तसं वाटतंय."

विनिताने खुर्ची ओढून सरांसमोर मांडली. बसली. पुन्हा उठली.

"सर, धडा तुमचाच ठेवू. पोरं, दप्तर, धावत येणारा डू, सगळं कार्टूनमध्ये. फक्त आवाज दुसरा. ठाण्याची एक मुलगी आहे, छान बोलते. आणि तुम्ही वर्गात राहा ना. व्हिडिओ चालू करायला, पोरांवर लक्ष ठेवायला कुणीतरी मोठं लागतंच."

"बोलायचं नाही."

"गरज नाही पडणार सर."

तिचे डोळे भरले होते, आणि ती मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होती. तिसऱ्या बाकावरची विनिता एकदा 'डू' झाली होती. धावताना दारात घसरून पडली, गुडघा फुटला, तरी दप्तर घेऊन पुढे जाऊन उभी राहिली. सरांना ते आठवलं. ते त्यांनी सांगितलं नाही.

"कार्टूनवाल्याला एक सांग," ते हळूच म्हणाले. "डूने दप्तर हिसकावून घ्यायचं नाही. पोरं नेहमी हिसकावतात. मागून जाऊन हलकं उचलून घ्यायचं."

विनिताने ते लिहून घेतलं.

जून. टेक नाही

नवी शाखा, एसी, बंद खिडक्या. चाळीस पोरं, सगळी नवी. यादव सरांनी रिमोट दाबला आणि मागे भिंतीशी जाऊन उभे राहिले.

कार्टून चांगलं झालं होतं. ठाण्याची मुलगी गोड बोलत होती. डू दारातून आला, त्याने दप्तर मागून हलकं उचललं. पोरं खाली माना घालून लिहीत होती. वर पाहत होती, लिहीत होती. कुणी जागचं उठलं नाही, उठायचं काही कारणही नव्हतं.

शेवटच्या बाकावर दोन वेण्यांची एक मुलगी होती. तिच्या वहीत तिसऱ्याच ओळीत चूक झाली होती. सर दोन पावलं पुढे गेले. वाकले. त्यांचं बोट त्या ओळीकडे निघालं, तोंड उघडलं.

मुलीने दचकून वर पाहिलं आणि वही तळहाताने झाकली. अनोळखी माणूस डोकावला की झाकतात, तशी.

सरांनी बोट मिटलं. मान हलवली, जणू तिचंच बरोबर होतं, आणि दोन पावलं मागे घेतली. भिंतीशी त्यांच्यासाठी ठेवलेली प्लास्टिकची खुर्ची होती. ते बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, वर्गात उभं राहतात तसे ताठ, धडा संपेपर्यंत उभे राहिले.